गुण असणं आणि गुण येणं

आजीच्या डाव्या पायाला आता चारच बोटं आहेत. पाचवं गेलं त्याची कारणं चार: मधुमेह, नवी चप्पल, अकरा दिवसांचा उशीर आणि माझं एक वाक्य. पहिल्या तीन कारणांबद्दल डॉक्टर बोलले. चौथ्याबद्दल घरात कुणीच बोललं नाही, म्हणून मी लिहितेय.

वाक्य असं होतं : "आजी, तुझ्या पाल्यात खरंच गुण आहे गं. जंतू मरतात त्यानं."

हे वाक्य खोटं नव्हतं आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. खोटं बोलले असते तर चूक कबूल केली असती, माफी मागितली असती, विषय संपला असता. पण खरं बोलून एखाद्याचं नुकसान झालं तर? ज्यानं खरं सांगितलं त्याची जबाबदारी कुठपर्यंत जाते? "मी फक्त खरं ते सांगितलं" एवढ्यावर सुटता येतं का?

आम्ही खडकीत राहतो. आजोबा अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. आजी मावळातल्या एका गावातून लग्न होऊन इथे आली. येताना जे काही सोबत आलं त्यात झाडापाल्याची ओळखही होती. कॅन्टोन्मेंटमधल्या दोन खोल्यांत शेत नव्हतं, बांध नव्हता, पण तिला हवा तो पाला इथेही सापडला. रेल्वे रुळाच्या कडेच्या खडीत, भिंतीच्या फटीत, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या काठाला एक बुटकं, जमिनीवर पसरणारं रोप उगवतं. खरबरीत, दातेरी पानं. एका लांब, सरळ दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं आणि कडेला मोजक्या पांढुरक्या पाकळ्या. तुम्हीही ते शंभरदा पाहिलंय, फक्त नाव विचारलं नसेल. पुस्तकात ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स. मराठीत एकदांडी, कुठे कंबरमोडी, आमच्या घरात दगडी पाला.

लहानपणी गुडघा फुटला की आजी दोन-चार पानं तोडायची, धुवायची, तळहातावर चुरडायची आणि हिरवा रस जखमेवर पिळायची. झोंबायचं. "झोंबतंय म्हणजे लागतंय," असं ती म्हणायची. रक्त थांबायचं. दोन दिवसांत खपली धरायची. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत विळा लागलेल्या कितीतरी बोटांवर हाच रस पिळला गेला आहे.

एमएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधायची वेळ आली तेव्हा मी फार विचार केला नाही. रानटी वनस्पतींचे जिवाणूरोधक गुणधर्म. असे प्रोजेक्ट दरवर्षी कितीतरी मुलं करतात. मी दगडी पाला घेतला, कारण तो फुकट होता आणि घराबाहेर पडला की मिळत होता.

प्रयोग सोपा असतो. पानं सावलीत वाळवायची, पूड करायची, मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढायचा, मिथेनॉल उडवून टाकायचं. काचेच्या बशीत अगारच्या थरावर जिवाणू पसरायचे, थरात छोटी भोकं पाडायची, एकात अर्क, एकात नुसता द्रावक, एकात ओळखीचं अँटिबायोटिक घालायचं आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी सगळीकडे जिवाणूंची दुधट साय धरलेली असते. ज्या भोकाभोवती ती धरलेली नसते तिथे एक स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं.

माझ्या बशीत वर्तुळ आलं. स्टॅफिलोकॉकसच्या बशीत नीट दिसेल असं, अँटिबायोटिकच्या वर्तुळापेक्षा बरंच लहान. ई. कोलायच्या बशीत जवळजवळ काहीच नाही. पण पहिल्या बशीतलं वर्तुळ पाहून मला जो आनंद झाला तो मिलिमीटरमध्ये मोजण्यासारखा नव्हता. मी फोटो काढला, घरी आले आणि आजीला दाखवून ते वाक्य बोलले.

आजी हसली. "त्यात काय, मला ठाऊकच होतं की." पण संध्याकाळी शेजारच्या काकूंना ती सांगत होती, "आमच्या नातीनं मशिनीत तपासून बघितलं."

तीन महिन्यांनी नव्या चपलेनं बोटाला घासलं. आजीला चौदा वर्षांपासून साखरेचा त्रास. त्याच्या आदल्या वर्षी पायाला साधा फोड आला होता तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेली होती. या वेळी गेली नाही. पाला लावत राहिली, वर मोजा चढवत राहिली. अकराव्या दिवशी वासावरून आईच्या लक्षात आलं. आई ओरडली, "सांगितलं का नाहीत?" आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, हिनं तपासलाय ना तो पाला."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती माझी बाजू घेत होती.

* * *

मराठीत औषधाबद्दल बोलताना आपण 'गुण' हा शब्द दोन तऱ्हांनी वापरतो. पाल्यात गुण आहे. औषधाचा गुण आला. पहिल्या वाक्यात गुण ही पाल्याची मालमत्ता आहे, त्याच्या आत कुठेतरी ठेवलेली. दुसऱ्यात गुण येतो, म्हणजे तो आधी तिथे नव्हता. कुणाला तरी, कधीतरी, काहीतरी दिल्यावर तो येतो. किंवा येत नाही. डॉक्टर बदलताना आपण म्हणतो, "त्यांचा गुण आला नाही." औषध तेच असतं.

माझ्या वाक्यात गुण 'आहे' होता. आजीनं ऐकलं ते 'येतो' असं. या दोन क्रियापदांमधल्या अंतरात तिचं बोट गेलं.

बशीत मी काय पाहिलं होतं? वाळवलेल्या पानांचा, मिथेनॉलमध्ये उतरवलेला, आटवून घट्ट केलेला अर्क. तो अगारच्या थरात पसरला आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका जिवाणूला त्यानं रात्रभर वाढू दिलं नाही. इतकंच. त्या बशीत रक्त नव्हतं, पू नव्हता, हाड नव्हतं, साखर वाढलेलं शरीर नव्हतं. जखमेत खोल चिकट थर करून बसलेले, एकमेकांच्या आडोशानं राहणारे जिवाणू नव्हते. शिवाय आजी मिथेनॉलचा अर्क लावत नव्हती, ताज्या पानाचा रस लावत होती. मी तिचा पाला तपासलाच नव्हता. दुसरंच काहीतरी तपासलं होतं आणि त्याला तिच्या पाल्याचं नाव दिलं होतं.

शिवाय बशीत वर्तुळ यायला फारसं काही लागत नाही. व्हिनेगर घातलं तरी येतं. भांडी घासायच्या ब्लीचनं तर मोठं येतं. बशीत जिवाणू मारणं सोपं आहे. अवघड आहे ते माणसाला न मारता, माणसाच्या आत, जिथे ते लपलेत तिथपर्यंत पोचून मारणं.

जखम हे पाहत नाही की जिवाणू मारणारा पदार्थ जंगलातून आला की कारखान्यातून. पेनिसिलिनचंही तेच झालं होतं. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत बुरशीभोवती असंच एक स्वच्छ वर्तुळ दिसलं. पुढच्या वर्षी त्यानं ते छापलं. म्हणजे 'गुण आहे' हे १९२९ मध्ये जगजाहीर होतं. मग १९४० साली ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते उंदरांवर वापरून पाहिलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं गेलं. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यात जंतुसंसर्ग पसरला होता. औषध सुरू होताच तो सुधारू लागला. साठा इतका कमी होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच पुन्हा दिलं. तरी ते संपलं, आणि मार्चमध्ये तो गेला. गुण होता, गुण येत होता, पण पुरला नाही.

पुरण्याची गोष्ट आमच्या घरापासून फार लांब नाही. खडकीहून लोणावळ्याची लोकल पकडली की दापोडी, कासारवाडी आणि मग पिंपरी. तिथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि दुसऱ्या वर्षी भारतात पेनिसिलिन बनू लागलं. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नावच पिंपरीवरून ठेवलं गेलं : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. बशीतलं वर्तुळ ते बाजारातली बाटली या अंतरात किती माणसं, किती टाक्या, किती फसलेले प्रयोग असतात ते ज्यांनी तिथे काम केलं त्यांना माहीत. मी ते सगळं अंतर एका वाक्यात ओलांडलं, तेही घरच्या ओट्यापाशी उभी राहून.

* * *

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मुद्दा सोपा आहे. आजीबाईचा बटवा विसरा, विज्ञानावर विश्वास ठेवा. पण मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण मला आजीनंच दिलं.

ऑपरेशननंतर ती घरी आली तेव्हा मी पहिल्यांदा तिला नीट विचारलं, की दगडी पाला नेमका कधी लावायचा? प्रोजेक्ट करताना मी हे विचारलंच नव्हतं. रोप कोणतं एवढंच विचारलं होतं. ती सांगत गेली. ताजाच लावायचा, वाळका नाही. वरवरच्या खरचटण्याला, विळ्याच्या कापाला. आत काही रुतलं असेल तर नाही. खिळा घुसला असेल तर नाही. कुत्रं चावलं तर अजिबात नाही. तीन दिवसांत खपली धरली नाही तर सोडून द्यायचा आणि दुसरं बघायचं. "दुसरं म्हणजे?" "म्हणजे डॉक्टर. आमच्या लहानपणी तळेगावला न्यायचे, बैलगाडीनं."

म्हणजे तिच्या ज्ञानात 'कधी' होतं, आणि त्याहून जास्त 'कधी नाही' होतं. मी त्यातून फक्त रोप उचललं. सगळ्या अटी तिच्याकडेच राहिल्या. मग प्रयोगशाळेनं आपल्या अटी घातल्या : हा अर्क, ही मात्रा, हा जिवाणू, ही बशी. घरी येऊन मी त्याही गाळल्या. उरलं ते फक्त 'जंतू मरतात'. परंपरेच्याही अटी गेल्या, विज्ञानाच्याही गेल्या. जे वाक्य आजीनं कधी म्हटलं नसतं आणि माझ्या गाइडनं कधी पास केलं नसतं, ते मी दोघांच्याही नावानं बोलले.

तुमच्या फोनवर रोज येणारे आरोग्याचे फॉरवर्ड आठवून पाहा. 'शास्त्रज्ञांनीही मान्य केलं' असं म्हणून येणारे. त्यातले सगळे खोटे नसतात. अनेकांच्या मुळाशी माझ्यासारख्याच एखाद्या मुलीची खरीखुरी बशी असते. आणि प्रवासात सगळ्यात आधी गळते ती अटच, कारण अट लांबलचक असते, कंटाळवाणी असते आणि तिच्यावर कुणी अंगठा दाखवत नाही.

अटीत किती काही असू शकतं याचं एक मोठं उदाहरण चीनमधलं आहे. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथात त्या वनस्पतीचा उल्लेख होता. पण त्यांच्या सुरुवातीच्या अर्कांचा गुण कधी यायचा, कधी नाही. मग त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला. त्यात वनस्पती उकळायला सांगितली नव्हती. पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उष्णतेनं गुण जात असेल का? त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि अर्क लागू पडू लागला. वनस्पतीचं नाव अनेकांना माहीत होतं. किल्ली होती ती कृतीच्या ओळीत. त्यानंतर तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क रुग्णांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. माझ्या वाक्याची परीक्षा माझ्या पायावर झाली नाही, हे मला इथे आठवतं.

दुसरं उदाहरण आपल्या सह्याद्रीच्या जवळचं आहे. दारुहळदीत बर्बेरिन नावाचा पिवळा पदार्थ असतो. तो जिवाणूंना मारू शकतो, पण एकटा फार दुबळा पडतो, कारण जिवाणूच्या आवरणात पंप असतात आणि ते बर्बेरिन आत आलं की बाहेर फेकतात. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की दारुहळदीच्या कुळातली झुडपं सोबत आणखी एक पदार्थ बनवतात. तो स्वतः जिवाणूंना मारत नाही, पण तो पंप अडवतो. मग बर्बेरिन आत साठतं आणि काम करतं. हा दुसरा पदार्थ त्याआधी सापडला होता तो चौलमोगरा तेलात, म्हणजे कुष्ठरोगावर पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या तेलात. आपल्या घाटातल्या कडू कवठाच्या बियांचं तेल त्याच जातकुळीचं.

म्हणजे झाडातला 'गुण' हासुद्धा एकट्या पदार्थाचा नसतो. तो सोबतीचा असतो. एक मारतो, दुसरा दार धरून ठेवतो. आपण शुद्ध करत करत एकाच पदार्थापर्यंत पोचलो की कधीकधी गुणच हातातून निसटतो. 'गुण आहे' हे वाक्य व्याकरणानं सोपं आहे, पण जग तसं बांधलेलं नाही.

* * *

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी पुन्हा अर्धंच खरं सांगेन.

परंपरेच्या अटी अनुभवातून येतात, आणि अनुभवाला जे लगेच दिसतं तेवढंच दिसतं. लावल्यावर झोंबलं, रक्त थांबलं, तीन दिवसांत खपली धरली. पण वीस वर्षांनी मूत्रपिंड गेलं, तर त्याचा दोष पूर्वी घेतलेल्या मुळीवर कोण टाकणार? सापसंदाच्या कुळातल्या वनस्पती अनेक देशांच्या पारंपरिक औषधांत शतकानुशतकं होत्या. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांतून त्यांच्यातली एक लोकांच्या पोटात गेली, एकामागून एक तरुण बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा त्यातल्या आम्लाचा संबंध उघड झाला. पुढे कर्करोगाशीही संबंध दिसला. हे कुठल्याही आजीला कळणं शक्य नव्हतं. ते कळायला नोंदी लागतात, मोजदाद लागते, अनोळखी लोकांचे आजार एका कागदावर मांडावे लागतात.

आणि आजीच्या अटींमध्येही एक भोक होतं. तिची सगळ्यात भरवशाची खूण होती दुखणं. दुखायचं थांबलं की जखम भरतेय. साठ वर्षं ही खूण खरी ठरली. मग मधुमेहानं तिच्या पायाच्या नसा बधिर केल्या. आता जखम चिघळली तरी दुखणार नव्हतं. तिच्या हिशेबानं पाला काम करत होता, कारण पाय शांत होता. पाला तोच, हात तोच, खूण तीच, पण शरीर बदललं होतं. तिच्या लहानपणीच्या गावात साखरेचा आजार असा घरोघरी नव्हता, त्यामुळे 'साखर असेल तर नाही' ही अट तिच्या यादीत यायला वावच मिळाला नव्हता.

ही एक अट माझ्याकडे होती. अभ्यासक्रमात होती, पेपरात त्यावर प्रश्न आला होता. तिच्या यादीत ती जोडणं हेच माझं काम होतं. मी त्याऐवजी तिला शाबासकी दिली.

* * *

मग पाल्याला 'परंपरा' तरी का म्हणायचं? हा प्रश्न मला नंतर पडला, कारण दगडी पाला मुळात इथला नाही. ट्रायडॅक्स हे उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं रोप आहे. लिनियसनं १७५३ साली त्याला नाव दिलं. ते समुद्र ओलांडून इथे आलं, तण म्हणून पसरलं, आणि आपल्या कुठल्यातरी पूर्वजांनी हे नवं रोप हातात घेऊन जखमेवर लावून पाहिलं. म्हणजे आपण जिला पुरातन म्हणतो ती गोष्ट एके काळी कुणाचा तरी प्रयोग होता. त्या माणसानंही लावून बघितलं, लक्ष ठेवलं, इतरांना सांगितलं, 'इथे लाव, तिथे नको' असं ठरवलं. बशी नव्हती, पण कुतूहल होतं. म्हणून परंपरा विरुद्ध विज्ञान हे भांडण मला लटकं वाटतं. खरा फरक आहे तो लक्ष ठेवणाऱ्यांत आणि न ठेवणाऱ्यांत.

आणि ज्यांनी लक्ष ठेवलं त्यांचं देणं? माझ्या प्रोजेक्टच्या वहीत वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे, कुळ आहे, तारीख आहे, 'खडकी परिसरातून गोळा' असं आहे. आजीचं नाव कुठेच नाही. 'स्थानिक वापर' या दोन शब्दांत तिला बसवलं आहे.

याच गोष्टीची मोठी आवृत्ती आपल्याला ठाऊक आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरण्यावर पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून तेव्हा नुकतेच सीएसआयआरच्या प्रमुखपदी गेले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपण हा विजय म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण तो जिंकला कशावर? छापील पुराव्यावर. जुने ग्रंथ, एका वैद्यकीय नियतकालिकातला १९५३ चा लेख. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला वापर नुसता असून चालत नव्हता, तो छापलेला असावा लागे. कोट्यवधी आयांनी मुलांच्या गुडघ्यांवर हळद दाबली, हा पुरावा नव्हता. त्यानंतरच पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, २००२ चा जैवविविधता कायदा आला, माधव गाडगीळांसारख्यांच्या प्रयत्नांतून लोक जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना रुजली.

नोंद करण्याचाही धोका आहे. घाटातल्या नरक्या या झाडात कर्करोगावरच्या औषधाचा कच्चा माल असतो हे कळलं, आणि सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. तिथे 'गुण आहे' या वाक्याची किंमत झाडानं मोजली. एकदा गुण जाहीर झाला की तो कुणाच्या हातात जाईल हे सांगणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

* * *

मग गप्प बसावं का? मी काही दिवस तसंच ठरवलं होतं. कुणी विचारलं की "माहीत नाही" म्हणायचं. पण गप्प बसणं हीसुद्धा निवडच आहे, आणि तिचाही भुर्दंड कुणीतरी भरतंच. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं अँटिबायोटिकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे गेली, असा 'लॅन्सेट'मध्ये आलेला अंदाज आहे. जुनी औषधं थकत चालली आहेत. अशा वेळी कुडा, दारुहळद, कडू कवठ यांच्याकडे पाहायचंच नाही, हे शहाणपण नव्हे. आणि दवाखाना लांब आहे, महाग आहे, तिथे कुणी नीट बोलत नाही, म्हणून पाल्याकडे जाणाऱ्या माणसाला "अडाणी" म्हणून झिडकारणं हे तर त्याहून वाईट. झिडकारलेला माणूस पाला सोडत नाही. तो फक्त सांगायचं बंद करतो. अकरा दिवस मोज्याखाली काय चाललंय ते मग कुणालाच कळत नाही.

मला आता असं वाटतं की खरं बोलण्याचं कर्तव्य वाक्य संपलं की संपत नाही. ऐकणारं माणूस त्या वाक्याचं काय करणार आहे, तिथपर्यंत ते जातं. अनोळखी हजारोंच्या बाबतीत हे अशक्य असेल, पण समोर बसलेल्या आजीच्या बाबतीत नव्हतं. मला तिची साखर माहीत होती. तिचा माझ्यावरचा विश्वास माहीत होता. माझ्या डिग्रीला तिच्या लेखी जे वजन होतं ते माझ्या लेखी कधीच नव्हतं, आणि मी ते वजन न मोजता वाक्यावर ठेवलं. माणसाच्या विश्वासानं आपलं वाक्य मोठं होतं. ते मोठं झालं की अटही तेवढ्याच मोठ्यानं सांगावी लागते.

कुणी म्हणेल, आजी काही लहान मूल नव्हती. निर्णय तिचा होता. होता, आणि तो तिच्याकडून काढून घ्यायचा मला अधिकार नाही. पण निर्णय तिचा होण्यासाठी जे कळायला हवं होतं ते तिला कळलेलं नव्हतं. अर्धी माहिती देऊन "निर्णय तुझा" म्हणणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

प्रोजेक्ट जमा करताना मी दोन गोष्टी बदलल्या. आभाराच्या पानावर नाही, तर पद्धतीच्या प्रकरणात आजीचं नाव घातलं, तिला विचारून. आणि तिनं सांगितलेल्या सगळ्या अटी एका तक्त्यात मांडल्या, शेवटी माझी एक जोडून. गाइड म्हणाल्या, मायक्रोबायोलॉजीच्या प्रबंधात हे थोडं वेगळं दिसतंय, पण राहू दे.

घरी प्रत नेली तेव्हा आजीनं तक्ता वाचून घेतला. माझ्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"

"साखर असेल तर पाला नाही. दुखत नसलं तरी रोज रात्री पाय बघायचा, आणि जखम दिसली की त्याच दिवशी डॉक्टर."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शेजारच्या काकूंनापण साखर हाय. मी त्यांना नुसताच पाला सांगितला होता." आणि चपला शोधायला उठली.